देवीचे पातळ आणि पडद्यावरचा तुरुंग

आमच्या बहुतेक वाचकांनी बालाघाट पाहिलेले नसेल. वैनगंगेच्या काठी, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. त्याला पूर्वी बुढा म्हणत. जिल्हा १८६७ साली झाला, तोही भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे तुकडे जोडून. १९५६ साली प्रांत मोडले तेव्हा शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि वर्षातून एकदा कुलदेवतेच्या पायांवर डोके ठेवण्यासाठी आगगाडीने पश्चिम किनारा, असा आमच्यांपैकी कित्येक घरांचा क्रम आहे. सांगायचे एवढेच की, देवळाच्या सोप्यावर बसून समुद्राकाठची माणसे जे बोलतात तेच आम्ही वैनगंगेकाठीही बोलतो. अंतराने शहाणपणात काही भर पडलेली नाही. हे आम्हांस ह्या नवरात्रात पुन्हा एकदा कळले.

आमच्या पेठेतील देवीच्या उत्सवमूर्तीला परकर आणि चोळी शिवून देणारा एक मुलगा आहे. वय अठराच्या आत-बाहेर. गेली तीन वर्षे नऊ रात्रींचे नऊ पोषाख तो शिवतो. मूर्तीला हात चार. बाह्या कशा बसवाव्यात, प्रभावळीला काठ न अडकता पदर कसा घ्यावा, हे त्याला कोणी शिकविलेले नाही. सोप्यावरच्या वडीलधाऱ्या मंडळींनी त्याचे तोंड भरून कौतुक केले, नारळ दिला, शाल दिली. ह्या वर्षी त्याने सांगितले की, भोपाळच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज करण्याचा त्याचा विचार आहे. क्षणभर कोणी बोलले नाही. मग एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे शेवटी त्या साईशासारखे टीव्हीवर जाऊन बसायचे म्हण की!" सगळे हसले. किनाऱ्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी "हें कितें नवें?" असे कोंकणीत विचारले. त्यांना समजावून सांगण्यात आले आणि मग तेही हसले. मुलाचे वडील हसले नाहीत. ते खाली बघत राहिले आणि आरती होण्यापूर्वीच घरी निघून गेले.

हा लेख त्या हसण्यासंबंधी आहे.

ज्यांचे नाव घेऊन हसले गेले, त्या साईशा शिंदे कोण, हे हसणाऱ्यांतील निम्म्यांना तरी ठाऊक होते काय, अशी आम्हांस शंका आहे. मुंबईच्या वेशभूषेच्या व्यवसायात हे मराठी आडनाव पुष्कळ वर्षांपासून आहे. हिंदी चित्रपटांतील नट्यांनी त्यांचे कपडे घातले, समारंभांतून मिरविले. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केले की, जन्मापासून पुरुष म्हणून ओळखली गेलेली आपली ओळख खरी नव्हे. आपण स्त्री आहोत आणि आपले नाव साईशा. अर्थपूर्ण आयुष्य, असा त्या नावाचा अर्थ त्यांनी सांगितला. त्याच वर्षी डिसेंबरात इस्राएलमधील एलात येथे हरनाज संधू विश्वसुंदरी ठरल्या. १९९४ साली सुष्मिता सेन, २००० साली लारा दत्त आणि त्यानंतर २१ वर्षांनी ह्या. अंतिम फेरीत त्यांच्या अंगावर जो रुपेरी झगा होता तो साईशा शिंदे यांच्या हातचा होता, आणि नेसणारी पंजाबची म्हणून त्याच्या नक्षीत फुलकारीची आठवण ठेवली होती. जगाने तो झगा पाहिला. आमच्या सोप्यावर त्याची वार्ता आली नाही.

वार्ता आली ती दोन महिन्यांनी. २७ फेब्रुवारी २०२२ रोजी 'लॉक अप' नावाचा एक खेळ मोबाइलच्या पडद्यावर सुरू झाला. कंगना राणावत त्याच्या सूत्रधार होत्या, आणि बऱ्या-वाईट कारणांनी गाजलेली माणसे एका खोट्या तुरुंगात कोंडली होती. त्यांत साईशा शिंदे होत्या. मग मात्र सर्वांस नाव कळले. ज्या हातांनी काम केले ते कोणी पाहिले नाहीत, आणि कोंडलेले माणूस मात्र सर्वांनी पाहिले. आमच्या मते ह्या प्रकरणात लाज वाटण्यासारखे जे काही आहे ते येथे आहे. त्या बाईंच्या देहात किंवा नावात नाही.

नावाचेच आधी बोलू. "पूर्वी नाव काय होते हो?" असे एकाने डोळे मिचकावून विचारले. आम्ही त्यांना उलट विचारले की, आपल्या मठाच्या स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव आपण असेच चारचौघांत विचाराल काय? संन्यास घेणाऱ्याने जे नाव टाकले ते टाकले. ते उकरून काढणे हा आपल्या समाजात असभ्यपणा समजतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव आपण तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने लिहून बदलतो आणि दुसऱ्या दिवसापासून तिला नव्या नावाने हाक मारतो. नाव बदलले की माणूस नवा जन्म घेतो, ही कल्पना आपल्याला विलायतेने शिकविलेली नाही. तेव्हा आम्ही ह्या बाईंना त्यांच्या नावाने संबोधतो आणि ते जुने नाव लिहीत नाही.

आता देवळाच्याच दारातील साक्ष घ्या. म्हार्दोळच्या म्हाळसेसमोर ज्यांनी हात जोडले आहेत त्यांना ती नारायणी आहे हे सांगायला नको. विष्णूने घेतलेले मोहिनीचे रूप म्हणून गोव्यात तिची पूजा होते. तिच्या अंगावर जानवे आहे आणि तिला पातळही नेसवितात. पोर्तुगीज अंमलात वेर्ण्याहून तिला हलवावे लागले तेव्हा आमच्या पूर्वजांनी घरेदारे मागे टाकली, पण तिला टाकले नाही. जानवे घातलेल्या देवीला पातळ नेसवताना ज्या समाजाचे हात चार शतके थरथरले नाहीत, त्या समाजाला एका जिवंत माणसाकडे पाहून खदाखदा हसू यावे, ह्याचा अर्थ काय लावावा? देवाची लीला निराळी आणि माणसाचा संसार निराळा, हे उत्तर आम्हांस मिळणार हे माहीत आहे. मान्य आहे. परंतु निराळेपणा मानायचा तर तो सर्वत्र मानावा. रामाने पित्याची आज्ञा पाळली म्हणून आपल्या मुलाने आपली आज्ञा पाळावी, असे सांगताना आपण लीला आणि संसार यांत भेद करीत नाही. सोयीचे तेवढे पुराण घरात आणायचे आणि अडचणीचे तेवढे गाभाऱ्यात ठेवून द्यायचे, ही भक्ती नव्हे.

कायद्याची गोष्ट सांगून कोणाचे मन वळत नाही. तरी नोंद म्हणून लिहितो की, १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपण ठरविण्याचा हक्क मान्य केला. आणि त्याच्याही आधी ह्याच मध्य प्रदेशातील सोहागपूरच्या मतदारांनी शबनम मौसी यांना विधानसभेवर निवडून पाठविले होते. खेड्यातील मतदार आमच्या सोप्याच्या पुढे निघाले म्हणायचे.

मराठी माणसाने तर ह्या बाबतीत फारच जपून हसावे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, रंगभूमीवर भामिनी होऊन, सिंधू होऊन उभे राहिले तेव्हा आमच्या आज्या त्यांचे गाणे ऐकायला जात, तशाच त्यांनी शालू कसा नेसला आहे, पदर कोठे घेतला आहे, अंबाडा कसा घातला आहे, हेही पाहायला जात. आणि घरी येऊन आरशासमोर तसेच करून पाहात. महाराष्ट्रातील कुलीन स्त्रीने कसे नेसावे ह्याचा धडा एका पुरुषाने दिला आणि आम्ही तो कृतज्ञतेने गिरविला. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ते नट होते, भूमिका उतरवून पगडी घालीत. साईशा शिंदे यांची गोष्ट तशी नाही, दोन्ही एक करण्याचा आमचा हेतू नाही. आमचा मुद्दा कपड्यापुरता आहे. रेशमावर आणि जरीवर बालगंधर्वांनी इतका पैसा ओतला की मंडळी कर्जात बुडाली, आणि तरीही कोणी म्हणाले नाही की, ह्या माणसाने चिरगुटांत आयुष्य फुकट घालविले.

चिरगुट! हा शब्द त्या रात्री वापरला गेला म्हणून तो येथे आला. कपडा शिवणे, कपडा विणणे, कपड्याचा विचार करणे हे आमच्या मंडळींना अद्याप हलके काम वाटते. नामदेव शिंपी होते. कबीर विणकर होते. त्यांची भजने संध्याकाळी म्हणायची आणि सकाळी मुलाला सांगायचे की, सुई धरशील तर घराण्याचे नाव जाईल. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये यांचे आडनावच पुरोहिताचे. त्या पुढे भानू अथैया झाल्या आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर पारितोषिक मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. हा मान त्यांनी जॉन मोलो यांच्यासमवेत मिळविला. २०२० साली त्या वारल्या. त्यांनी गांधीजींचा पंचा निवडला, कस्तुरबांच्या लुगड्याचा पोत निवडला; जगाने तो पाहून मान डोलावली. त्यांच्या घरातील भांडणे कोणाला माहीत नाहीत. त्यांना कोणी तुरुंगात बसवून गुपिते विचारली नाहीत. त्या आधीच्या पिढीतील होत्या, हे त्यांचे भाग्य.

आणि आता आम्ही त्या तुरुंगाकडे येतो. कारण ह्या लेखात आमचे भांडण कोणाशी असेल तर ते त्याच्याशी आहे.

माणसे एका घरात कोंडून त्यांच्यावर अहोरात्र कॅमेरे रोखायचे, ही कल्पना नेदरलँड्समध्ये १९९९ साली निघाली. 'बिग बॉस' ह्या नावाने ती २००६ साली हिंदीत आली आणि २०१८ साली मराठीत. २००९ च्या हिंदी हंगामात, अमिताभ बच्चन सूत्रधार असताना, रोहित वर्मा नावाचे एक फॅशन डिझायनर त्या घरात होते. म्हणजे शिवणाऱ्याला कोंडण्याची ही पहिली खेप नव्हे. ह्यालाच 'रिअ‍ॅलिटी शो' म्हणतात. वास्तव! घड्याळ नाही, वर्तमानपत्र नाही, घरचे माणूस नाही, काम नाही, आणि भांडल्याशिवाय पडद्यावर जागा नाही. ह्या स्थितीत माणूस जे करील ते त्याचे वास्तव, असे हा धंदा सांगतो. आम्ही म्हणतो की शिंप्याचे वास्तव त्याच्या सुईत असते. अमेरिकेत २००४ पासून एक खेळ असा चालला की, त्यात डिझायनरांना कापड आणि मुदत देऊन शिवायला बसवीत आणि शिवलेल्या वस्तूवर निकाल देत. त्यातही रडारड आणि भांडणे होतीच. पण निदान शेवटी एक कपडा उभा राही. 'लॉक अप'मध्ये कपड्याला काही जागा नव्हती. तेथील नियम असा होता की, बाहेर जाण्याची वेळ आली तर आपल्या आयुष्यातील एखादे गुपित सर्वांसमक्ष सांगावे आणि त्याच्या बदल्यात राहण्याची संधी मिळवावी.

हा नियम वाचकांनी सावकाश वाचावा. गुपित हे तेथे नाणे आहे. ज्याच्याजवळ जास्त दुःख, तो जास्त श्रीमंत. ज्याने बालपणी काही भोगले, ज्याने जगापासून काही लपवून स्वतःला वाचविले, त्याने ते आता मांडावे, आणि मधल्या वेळेत जाहिराती लागाव्यात. साईशा शिंदे यांनीही तेथे स्वतःसंबंधी सांगितले. काय सांगितले ते आम्ही येथे लिहीत नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ते सोप्यावर चघळू नये. सूत्रधार बाईंशी वाद घातल्याबद्दल त्यांना एकदा बाहेर काढण्यात आले आणि पुढे पुन्हा आत घेण्यात आले; धंद्याला दोन्ही गोष्टी सारख्याच फायद्याच्या. कबुली म्हणजे काय हे आमच्या परंपरेला ठाऊक नाही असे नाही. देवापुढे उभे राहून मनातले सांगणे, कौल लावणे, गाऱ्हाणे घालणे हे आपण सारे करतो. पण गाऱ्हाणे ऐकणारा देव ते विकत नाही.

"पण त्यांनी स्वखुशीने करार केला ना?" होय, केला. मोठे वयाचे, कर्तबगार माणूस आहे. त्यांच्या निर्णयाचे पालकत्व आम्ही घेत नाही. कदाचित त्यांना वाटले असेल की, आपल्यासारखे माणूस घरोघरी दिसले तर कोठेतरी कोंडमारा होत असलेल्या एखाद्या मुलाला श्वास घेता येईल. तसे झालेही असेल, आणि तेवढ्यापुरते ते काम कोणत्याही झग्याहून मोठे. हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु करार स्वखुशीचा असला म्हणून सौदा चांगला ठरत नाही. सावकाराच्या कागदावरही अंगठा स्वखुशीनेच उठवीत. विश्वसुंदरीचा झगा शिवूनही ज्या देशात घरोघरी नाव होत नाही आणि खोट्या तुरुंगात बसल्यावर होते, त्या देशात कारागिराने काय करावे, हा प्रश्न करार करणाऱ्याला विचारण्यापूर्वी पाहणाऱ्याला विचारला पाहिजे.

आणि पाहणारे आम्ही आहोत. सोप्यावर हसलेल्या मंडळींनी तो खेळ पाहिला नव्हता तर त्यांना नाव कोठून ठाऊक? देवळातून घरी जायचे, हातपाय धुवायचे, आणि रात्री दाराला कडी घालून दुसऱ्याची गुपिते पाहायची, सकाळी पुन्हा सोप्यावर येऊन "काय हा काळ!" म्हणायचे. कोंडणारा एक असेल, पण तिकीट आपण काढतो. आमच्या स्वतःच्या घरातही तो पडदा आहे, हे कबूल केल्यावाचून पुढे लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

बालाघाटहून फार दूर नाही, वारासिवनी आहे. तेथे आणि आसपासच्या गावांत हातमाग चालतात. पिढ्यानपिढ्या कोष्टी घरे त्यावर जगली. नवरा मागावर बसतो, बायको कांड्या भरते, म्हातारा तुटलेला धागा सांधतो. तेथल्या हातमागाच्या साडीला २०२३ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. म्हणजे वारासिवनीचे पातळ म्हणून दुसरीकडचे कापड विकता येणार नाही, असे निदान कागदावर तरी झाले. आम्ही गेलो त्या घरात धोटा चालू होता आणि शेजारच्या खोलीत टीव्हीही चालू होता. एका पातळाला किती दिवस लागतात असे विचारले, तर विणणाऱ्याने उलट विचारले, "काठ साधा की भरलेला?" खऱ्या कारागिराचे उत्तर असेच असते. देशात २०१९-२० साली झालेल्या गणनेत विणकर आणि त्यांचे सोबती मिळून हातमागावर ३५ लाखांहून अधिक माणसे आढळली, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचे उत्पन्न महिना ५,००० रुपयांच्या आत होते. एवढ्यांपैकी एकाचेही नाव आमच्या सोप्यावर कोणाला सांगता आले नसते. त्यांना कोणी खोट्या तुरुंगातही बसविणार नाही. त्यांच्याजवळ विकण्यासारखे गुपित नाही, फक्त काम आहे.

१९९४ साली सुष्मिता सेन यांनी नेसलेला एक झगा दिल्लीत गॅरेजमध्ये बसणाऱ्या शिंप्याने शिवला होता, आणि हातमोजे नव्या पायमोज्यांचे केले होते, असे त्यांनी स्वतः पुढे सांगितले. त्या शिंप्याचे नाव कोणाच्या लक्षात नाही. २०२१ साली शिवणाऱ्याचे नाव निघाले, ही सत्तावीस वर्षांतील प्रगती होय. मात्र ते नाव गावोगाव पोहोचायला तुरुंग लागला. गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स ह्या बाबतीत निराळ्या वाटेने गेले. कोलवाळच्या आपल्या घरात राहून त्यांनी कुणबी स्त्रीचे तांबडे चौकटीचे पातळ, जे मागावरून जवळजवळ उतरले होते, ते पुन्हा विणवून घेतले आणि गोव्याच्या वेशभूषेवर मोठा ग्रंथ लिहिला. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० साली ते गेले. ज्या पातळाला आपल्यांतील कित्येकांनी कामकरणीचे म्हणून नाक मुरडले, ते त्यांच्यामुळे पदन्यासाच्या मंचावर गेले. देवळाच्या आवारात त्यांचे नाव आम्ही कधी ऐकले नाही.

तेव्हा त्या मुलाकडे परत येऊ. त्याला टीव्हीवर बसायचे आहे की नाही हे आम्हांस ठाऊक नाही, आणि आम्ही विचारलेही नाही. अठरा वर्षांच्या मुलाला ते स्वतःलाही ठाऊक नसते. त्याला कापड कळते, एवढे आम्ही पाहिले आहे. त्या रात्रीनंतर त्याने सातव्या दिवसाचा पोषाख अर्धा ठेवला. आठव्या दिवशी देवीला गेल्या वर्षीचा परकर नेसविला गेला, आणि तो जुना आहे हे हसणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही. बायकांच्या लक्षात आले. त्यांतील एका वृद्ध बाईंनी दुपारी त्याच्या घरी जाऊन अर्धा पोषाख मागून आणला आणि उरलेली तुरपाई स्वतः केली. तुरपाई वाकडी आहे, पण नवव्या दिवशी देवीने तोच नेसला.

आम्ही देवस्थानच्या समितीस पत्र दिले आहे. मागणे दोनच आहेत. पुढील नवरात्रात देवीची पातळे वारासिवनीच्या मागावरची घ्यावीत, व्यापाऱ्यामार्फत नव्हे, विणणाऱ्याच्या दारातून. आणि ज्याप्रमाणे पातळ अर्पण करणाऱ्या यजमानाचे नाव गोत्रासह मोठ्याने वाचतात, त्याप्रमाणे विणणाऱ्याचे आणि शिवणाऱ्याचे नावही वाचावे. एका सभासदांनी खासगीत विचारले की, विणणाऱ्याचे गोत्र काय लिहायचे? आम्ही सांगितले की, गाव लिहा, चालेल. समितीचे उत्तर हा मजकूर छापखान्यात जाईपर्यंत आलेले नाही. मुलाचा भोपाळचा अर्ज मात्र गेला आहे; त्याचे शुल्क कोणी भरले ह्याची चौकशी सोप्यावर चालू आहे, ती चालू द्यावी.